पी-व्हॅल्यू ०.०७ आली, आता काय?

तर झालं असं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी स्मरणशक्तीचा एक प्रयोग केला होता. दोन गट, प्रत्येकी २० विद्यार्थी. पी-व्हॅल्यू आली ०.०७. सबमिशन आठवड्यावर. एक सिनिअर म्हणाली, 'अगं, दोन्ही गटांत अजून दहा-दहा जण घे, येईल ०.०५ च्या खाली.' घेतले. आलीही! डेटा वाढवला म्हणजे चांगलंच केलं, असं वाटलं.

नंतर सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन या तिघांचा २०११ चा पेपर वाचला आणि झोप उडाली. त्यांनी खऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून 'दाखवलं' की बीटल्सचं 'व्हेन आय एम सिक्स्टी-फोर' ऐकल्यावर माणसाचं वय जवळपास दीड वर्षाने कमी होतं. म्हणजे तरुण 'वाटतं' असं नव्हे, जन्मतारखेवरचं वय! पी-व्हॅल्यू ०.०४. आकडे खरे, गणितही बरोबर. फक्त किती जण घ्यायचे हे आधी ठरवलं नव्हतं, आणि मोजलेल्यातलं सोयीचं तेवढंच सांगितलं होतं. हे त्यांनी मुद्दाम केलं, आणि पेपरातच उघड केलं.

०.०५ चा अर्थ काय? खरा परिणाम शून्य असला तरी १०० पैकी साधारण ५ वेळा योगायोगाने 'सार्थक' निकाल येईल. पण हा हिशोब एकदाच पाहण्याचा आहे. दर वेळी डोकावलं की लॉटरीचं नवं तिकीट काढल्यासारखं. माझ्यासारखं २०-२० वर पाहून मग १०-१० वाढवले, तर त्यांच्या सिम्युलेशननुसार ५ चे ७.७ टक्के होतात. एवढंच ना? पण त्यात दुसरं मापन, लिंगानुसार विश्लेषण, एखादा गट वगळणं हेही मिसळलं की थेट ६०.७ टक्के. त्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं.

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळचे ९७ टक्के सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के. सगळा दोष याच सवयीचा नाही, पण हिचा वाटा आहेच.

म्हणून डेटा घेण्याआधी किती जण, मुख्य मापन कोणतं, कोणाला वगळणार, हे लिहून 'ओएसएफ'वर पूर्वनोंदणी करा. गाईड म्हणतील, 'कशाला एवढं?' तरी करा. मध्येच डोकावायचंच असेल तर तेही आधी ठरवा आणि त्यासाठी ०.०५ ची मर्यादा कडक करा. सॅम्पल पॉवर ॲनालिसिसने काढा. मध्यम परिणामासाठी, ८० टक्के पॉवर हवी तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. माझे २० होते!

पीएचडीत तोच प्रयोग ६४-६४ घेऊन, पूर्वनोंदणी करून पुन्हा केला. पी-व्हॅल्यू ०.४१. जुना प्रोजेक्ट विभागाच्या लायब्ररीत अजून आहे. कोणी मागितला की ही दुसरी फाईलही सोबत पाठवते.