काही घडले तरच मेल! ‘क्रॉन’ची ही सोय ठाऊक आहे का?

शहापूर : भातसा धरणाची पूर्ण संचय पातळी १४२.०७ मीटर, तानसाची १२८.६३ मीटर. पावसाळ्यात पाणी या आकड्यांजवळ आले की नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा मिळतो आणि शहापूर-मुरबाड रस्त्यावरील सापगाव पुलाकडे नजरा लागतात. समजा, पातळीची नोंद एखाद्या लिनक्स संगणकावर दर तासाला येते. प्रत्येक नोंदीचा मेल पाठवला, तर दिवसाला २४ आणि चार महिन्यांत जवळपास तीन हजार. त्यातला खरा इशारा कोण उघडून बघणार?

यावर उपाय जुनाच आहे. ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारा ‘क्रॉन’ हा प्रोग्रॅम मुळातच मितभाषी आहे. क्रॉनटॅब फाइलमध्ये ‘मेलटू’ या नावापुढे पत्ता लिहून ठेवला, की आज्ञेने काही छापले तरच तो मेल करतो, नाहीतर गप्प. (संगणकावर मेल पाठवण्याची व्यवस्था मात्र आधी हवी.) म्हणजे स्क्रिप्टने पातळी मर्यादेच्या वर गेली तरच एक ओळ छापायची. बिघडते ते इथेच. हौसेने ‘सर्व ठीक आहे’ अशी ओळ घातली, की पुन्हा तासाला एक मेल!

मजकूर थेट ‘मेल’ आज्ञेकडे पाइपने सोडला, तर आउटपुट नसतानाही कोरा मेल जाऊ शकतो. काही प्रकारच्या ‘मेलएक्स’मध्ये मोठ्या लिपीतील ‘ई’ हा पर्याय दिल्यास कोरा मेल टाकून दिला जातो. पण ग्नू मेलयुटिल्समध्ये त्याच अक्षराचा अर्थ वेगळा आहे. त्यामुळे मॅन्युअल पाहिल्याशिवाय तो वापरू नये. ‘मोअरयुटिल्स’ संचातील ‘इफएनई’ अधिक सरळ : आत काही आले तरच पुढची आज्ञा चालवते. तेही नसेल तर आउटपुट व्हेरिएबलमध्ये घ्यावे, ते रिकामे नसेल तरच मेल करावा. एररचा मजकूरही त्यातच घ्यायला विसरू नये.

खरा धोका शांततेत आहे. मेल नाही, म्हणजे पाणी कमी की संगणकच बंद? शहापूर, मुरबाडच्या खेड्यांत पावसात वीज गेली तर दोन्ही सारखेच दिसते. म्हणून रोज सकाळी एक हजेरीचा मेल ठेवावा आणि तो आला नाही तर फोन कोणी करायचा, हेही ठरवावे. पावसाळ्याआधी मर्यादा मुद्दाम १०० मीटरवर आणून मेल खरोखर येतो का, तेही पाहून घ्यावे.