विरळणीच्या वाशांची चाळीस वर्षे

रोपवन नुसते लावून भागत नाही, ते वेळोवेळी विरळावे लागते. दाटीतली बारीक, वाकडी झाडे काढली तरच उरलेल्यांना ऊन मिळते आणि त्यांचे बुंधे भरतात. पण काढलेल्या वाशांना गिऱ्हाईक कोण? सरपणवाला, कुंपणवाला, नाहीतर कागद गिरणी. तोडणीचा खर्चही निघेना झाला की मालक विरळणी टाळतो आणि जंगल खुरटते. इंग्लंडमध्ये डॉर्सेटमधल्या हूक पार्क या जंगलात याच दुखण्यावर 1983 पासून काम चालले आहे.

त्या वर्षी फर्निचरकार जॉन मेकपीस यांच्या पार्नहॅम ट्रस्टने हे जंगल घेतले. विरळणीच्या लाकडातूनच इमारती उभारायच्या, हा त्यांचा हट्ट. पहिले घर 1987 च्या सुमारास उभे राहिले. आराखड्यात जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो होते. बारीक वासा दाबला की वाकतो, ताणला तर मात्र भरपूर भार सोसतो. म्हणून छपराचे स्प्रूसचे वासे त्यांनी दोरासारखे ताणून टांगले. खरी अडचण टोकाच्या सांध्याची होती. टोकात भोक पाडून पोलादी गज बसवला, भोवती इपॉक्सी भरले, आणि सांधा ताण घेऊ लागला. पुढे कार्यशाळा झाली, 1996 मध्ये वसतिगृह झाले. 2002 साली जंगल लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या वास्तुकला शाळेकडे गेले.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते 2016 चे कोठार. दुबेळक्याचे खोड करवतीला चालत नाही, म्हणून ते सरपणात जाते. वास्तविक फांदी फुटते तिथे झाडाने स्वतःच तंतू विणून भक्कम सांधा केलेला असतो. आपल्याकडे मांडव घालणाऱ्यांना हे ठाऊक असते. मेढीसाठी ते दुबेळके निवडूनच आणतात. हूक पार्कच्या विद्यार्थ्यांनी उभ्या बीच झाडांचे फोटो घेतले, निवडलेली दुबेळकी स्कॅन केली, संगणकावर प्रत्येकाची जागा ठरवली आणि यंत्रहाताने फक्त जोडाच्या जागा तासल्या. कोठाराचे छप्पर अशा 20 दुबेळक्यांनी पेलले आहे. आत लाकडाच्या चिपा साठवतात; परिसरातल्या इमारतींना ऊब मिळते ती त्यांच्यावरच.

अशी इमारत स्वस्त पडते असे नव्हे. डोके आणि हात, दोन्ही जास्त लागतात. पण विदर्भातल्या सागाच्या रोपवनांतूनही विरळणीच्या बल्ल्या निघतातच. आपल्या एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाने वनखात्याशी बोलून त्यातून निदान एक शाळाखोली बांधून पाहावी.