सिंक तुंबलंय? रील बघून सोडा-व्हिनेगर ओतण्याआधी हे वाचा

सिंकमधलं पाणी जाईना झालं की आपला हात आधी फोनकडे जातो. लगेच एखादी रील सापडते: खाण्याचा सोडा टाका, व्हिनेगर ओता, फेस आला की पाईप मोकळा! बघायला भारी वाटतं. पण निलंग्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या पाईपात काय साचलेलं असतं हे कळलं, की हा उपाय का फसतो तेही कळेल.

पाईपात काय साचतं?

कढईतलं गरम तेल पाईपात जाऊन गार होतं. पामतेल आणि वनस्पती तूप लवकर थिजतं. करडीचं, सोयाबीनचं तेल थिजत नाही, पण पाईपाच्या कडेला चिकटून राहतं. मग त्यात कणीक, भाताची शितं, चहापत्ती अडकते.

त्यात आपल्याकडं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षाराचं. माठावर पांढरा थर येतो ना, तेच पाणी. या पाण्यातलं कॅल्शियम आणि तेलातली आम्लं एकत्र आली की साबणासारखा कडक थर तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि कचऱ्याचा असाच गोळा सापडला होता. लांबी 250 मीटर, वजन 130 टन!

जुन्या घरात त्रास जास्त का?

जुन्या घरांत मोरी असायची. भिंतीतल्या भोकातून पाणी सरळ बाहेरच्या नालीत जायचं. ओटा आणि सिंक नंतर आले. त्यासाठी जागा मिळेल तसा पाईप फिरवलेला असतो: लांब, वळणावळणाचा आणि कमी उताराचा.

दुसरं कारण पाणीटंचाई. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात भांडी कमी पाण्यात धुतली जातात, आणि ते बरोबरच आहे. पण कमी पाण्यात गाळ वाहून जात नाही. म्हणून आपल्याकडं तेल पाईपात जाऊच न देणं जास्त महत्त्वाचं.

सोडा-व्हिनेगरचं काय?

दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो आणि खाली जवळपास खारट पाणी उरतं. त्यानं तेलाचा थर सुटत नाही.

हे अजिबात करू नका

- टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
- कॉस्टिक सोडा तेलाचा साबण करतो हे खरं, पण तो पाण्यात पडला की प्रचंड तापतो आणि उडाला तर डोळा जाऊ शकतो.
- उकळतं पाणी ओतू नका. साधा पीव्हीसी पाईप साधारण 60 अंशांपर्यंतच टिकतो.
- आधीच कुणी केमिकल ओतलं असेल तर पाईप खोलू नका. प्लंबरला बोलवा आणि काय ओतलंय ते सांगा.

मग करायचं काय?

1. सिंकमधलं पाणी मग्गानं काढा. रबरी पंप बुडेल एवढंच ठेवा.
2. सिंकच्या वरचं छोटं भोक ओल्या फडक्यानं बंद करा आणि पंप 15-20 वेळा मारा. सांधे जुने असतील तर जोर बेतानं लावा.
3. नाही सुटलं तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकखालची वाटीसारखी जोडणी, हातानं फिरवून काढा. बऱ्याचदा सगळा गाळ तिथंच असतो.
4. त्यापुढं अडकलं असेल तर हार्डवेअरच्या दुकानातली ड्रेन स्प्रिंग फिरवत आत घाला आणि गाळ बाहेर ओढा. पुढं ढकलला तर तो पुढच्या वळणावर बसतो.
5. शेवटी भांड्यांचा साबण आणि हाताला सोसेल एवढं गरम पाणी सोडा.

फोन इथं कामाला येतो

ट्रॅप काढण्याआधी फोटो घ्या. वायसर कुठं आणि कसा होता, ते जोडताना लक्षात राहत नाही. मग लेव्हल ॲप उघडून फोन बाहेरून दिसणाऱ्या आडव्या पाईपावर ठेवा. पाईपाला दर मीटरला साधारण 2 सेंटिमीटर उतार हवा, म्हणजे एक अंशापेक्षा थोडा जास्त. आकडा शून्याजवळ असेल तर कितीही साफ केलं तरी पाईप पुन्हा तुंबणार. तेव्हा उतारच दुरुस्त करून घ्या. फोन ओटीजीला सपोर्ट करत असेल तर त्याला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा घालून आतला थरही बघता येतो.

बाकी रोजची एकच सवय लावा: कढई धुण्याआधी रद्दी कागदानं पुसून घ्या. आजी राखेनं भांडी घासायची, तेव्हा तेल राखेतच जायचं. कागद तेच काम करतो.