महाराष्ट्र क्रिकेट संघ : कनिष्ठ गटातील रणजी हंगाम (२०१३–१४)

रणजी करंडक स्पर्धेच्या कनिष्ठ ‘क’ गटातून महाराष्ट्र संघाने अंतिम सामन्यापर्यंत मजल मारलेला हंगाम. भारतातील प्रथम श्रेणी क्रिकेटची ही प्रमुख स्पर्धा १९३४–३५ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र राज्यातून तीत मुंबई, विदर्भ व महाराष्ट्र असे तीन संघ उतरतात. खानदेशातील जळगाव व धुळे हे जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात. संघटनेचे मुख्य केंद्र पुणे येथे आहे. या जिल्ह्यांतील खेळाडूंचा प्रथम श्रेणी क्रिकेटकडे जाणारा नेहमीचा मार्ग महाराष्ट्र संघातूनच जातो. त्यामुळे हा संघ कोणत्या गटात खेळतो, ही बाब त्यांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

श्रेणीव्यवस्था : संघांना कामगिरीनुसार वरच्या श्रेणीत बढती देण्याची किंवा खालच्या श्रेणीत उतरविण्याची पद्धत अनेक खेळांत रूढ आहे. इंग्लंडमधील रग्बी युनियनच्या साखळी स्पर्धांत ती १९८७ पासून आहे. रणजी स्पर्धेत या हंगामात सत्तावीस संघ प्रत्येकी नऊच्या तीन गटांत विभागलेले होते. अ व ब हे वरिष्ठ, तर क हा कनिष्ठ गट होता. अ व ब गटांतील प्रत्येकी तीन संघांना उपान्त्यपूर्व फेरीत प्रवेश मिळे. क गटातून मात्र केवळ दोनच संघ पुढे जात व त्यांनाच बढती मिळे. निर्णायक विजयास सहा गुण, डावाने किंवा दहा गडी राखून मिळविलेल्या विजयास एक अधिक गुण आणि अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडीस तीन गुण असत. आठ सामन्यांच्या साखळीत एकेका गुणास किती मोल होते, हे गोव्याच्या उदाहरणावरून दिसते. गोवा व जम्मू-काश्मीर यांचे गुण समान झाले. परंतु धावांच्या गुणोत्तरावर जम्मू-काश्मीर पुढे गेला.

हंगामाची वाटचाल : आधीच्या हंगामानंतर महाराष्ट्र संघ क गटात उतरला होता. रोहित मोटवानीच्या नेतृत्वाखाली त्याने या गटात अग्रस्थान मिळविले. जालन्याच्या विजय झोलने त्रिपुराविरुद्ध रणजी पदार्पणातच नाबाद २०० धावा केल्या. केदार जाधवच्या १,२२३ धावा हा त्या हंगामातील उच्चांक होता. उपान्त्यपूर्व सामन्यात वानखेडे मैदानावर गतविजेत्या मुंबईने पहिल्या डावात ४०२ धावा केल्या व महाराष्ट्र २८० धावांत बाद झाला. मात्र मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत आटोपला आणि महाराष्ट्राने २ बाद २५२ धावा करून सामना आठ गडी राखून जिंकला. या डावात जाधव १२० व झोल ९१ धावांवर नाबाद राहिले. इंदूर येथे बंगालचा पहिला डाव ११४ धावांत संपवून महाराष्ट्राने उपान्त्य सामना दहा गडी राखून जिंकला. हैदराबाद येथील अंतिम सामन्यात कर्नाटकाने महाराष्ट्रावर सात गडी राखून मात केली (२ फेब्रुवारी २०१४).

महत्त्व : महाराष्ट्राने १९३९–४० व १९४०–४१ मध्ये करंडक जिंकला होता, १९७०–७१ व १९९२–९३ मध्ये तो उपविजेता होता. २०१४ मध्येही करंडक हुकला, तरी वरिष्ठ श्रेणीतील स्थान परत मिळाले. पुढील हंगामात संघ उपान्त्य फेरीत पोहोचला, तर त्याच्याबरोबर बढती मिळालेल्या जम्मू-काश्मीरने मुंबईस तिच्याच मैदानावर पराभूत केले. कनिष्ठ गट हा संघाच्या त्या वेळच्या स्थानाचा निदर्शक असतो, गुणवत्तेची मर्यादा नव्हे, हे या दोन्ही संघांच्या कामगिरीवरून स्पष्ट होते. ही त्रिगट पद्धती पुढे बदलण्यात आली.