पांढरी वायर आणि बाबांचा टेस्टर

आई-बाबा नाशिकहून न्यू जर्सीला आमच्याकडे आले, त्या पहिल्याच रात्रीची गोष्ट. सामान त्यांच्या खोलीत ठेवलं. आईने दाराजवळचं बटण खाली दाबलं आणि ती अंधारातच उभी राहिली. "आई, इथे बटण वर केलं की चालू होतं," मी म्हणालो. तिने वर केलं. तिची नजर छताकडे, आणि छताला दिवाच नाही! कोपऱ्यातला टेबललॅम्प दोनदा लुकलुकला आणि विझला. बटणातून मात्र 'चर्र' असा आवाज आला.

इथल्या कितीतरी घरांत बेडरूमच्या छताला दिवा नसतो. दाराजवळचं बटण भिंतीतल्या एका सॉकेटला जोडलेलं असतं, आणि तेही बऱ्याचदा अर्ध्याच सॉकेटला. वरच्या भागात लावलेला लॅम्प बटणाने चालू-बंद होतो, खालच्या भागात वीज कायम असते. नव्याने राहायला आलेले लोक "हे सॉकेट कधी चालतं, कधी नाही" म्हणून वैतागतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

आमचं बटण मात्र खरंच बिघडलं होतं. चरचरणारं किंवा गरम होणारं बटण म्हणजे आतला जोड ढिला झालाय किंवा पत्र्या जळत आल्यात. ते तसंच वापरत राहणं म्हणजे आगीला आमंत्रण. इथे वायरमन नुसता दारात आला तरी बिल शंभर डॉलरच्या पुढे जातं आणि बटण मिळतं दोन-तीन डॉलरला. शनिवारी मी नवं बटण घेऊन आलो.

गॅरेजमधल्या पॅनेलवर 'बेडरूम 2' असं लिहिलेला ब्रेकर बंद केला. वर येऊन बटण वर-खाली करून पाहिलं, लॅम्प लागला नाही. म्हणजे वीज गेली, असं मी ठरवून टाकलं आणि बटणावरची झाकणपट्टी उघडली. आत एक काळी आणि एक पांढरी, अशा दोन वायरी बटणाला जोडलेल्या. शिवाय मागे अर्थिंगची उघडी तांब्याची तार.

"काळी न्यूट्रल," बाबा मागून म्हणाले. बाबांनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, पण आमच्या घरचा फ्यूज बांधायला कधी वायरमन आला नाही. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ.

"नाही बाबा, इथे काळी म्हणजे फेज. पांढरी न्यूट्रल. हिरवी किंवा उघडी तार म्हणजे अर्थिंग." दोन व्हिडिओ पाहून झालेले असल्यामुळे माझा आवाज जरा चढाच होता.

"मग बटणाला न्यूट्रल कशाला आणलीय? बटण नेहमी फेजवर असतं ना?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तरीही 'पांढरी आहे, हिच्यात काय असणार' अशा विचाराने मी ती सोडवायला हात पुढे केला.

"थांब!" बाबा ओरडले. लहानपणी चुलीजवळ गेलो की ओरडायचे, अगदी तसे. मग त्यांनी बॅगेतून त्यांचा जुना टेस्टर काढला. तो त्यांनी नाशिकहून का आणला, हे मी आदल्या रात्री हसत हसत विचारलं होतं.

टेस्टर घेऊन ते आधी हॉलमध्ये गेले. तिथल्या चालू सॉकेटच्या अरुंद फटीत तो घालून पाहिला. इथे घरातली वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे 230 ची. त्यामुळे टेस्टरमधला दिवा मिणमिणताच लागला. बाबांनी तळहाताचा आडोसा करून तो नीट पाहून घेतला. "आधी टेस्टर चालतोय का ते बघायचं. मेलेला टेस्टर सगळ्याच वायरी मेलेल्या दाखवतो."

मग ते बटणाकडे आले. काळ्या वायरीवर टेस्टर टेकवला, काही नाही. पांढऱ्यावर टेकवला आणि तोच मिणमिणता लाल दिवा लागला.

आम्ही दोघंही काही बोललो नाही.

नंतर शांतपणे शोधलं तेव्हा सगळा उलगडा झाला. आमच्या 1978 सालच्या घरात वीज आधी सॉकेटच्या डब्यात येते. तिथून दोन तारांची एक केबल बटणापर्यंत आणलेली आहे. पांढरी वायर फेज घेऊन खाली येते आणि काळी तो बटणातून परत लॅम्पकडे नेते. न्यूट्रल बटणापर्यंत येतच नाही! अशा पांढऱ्या वायरीवर काळी टेप गुंडाळून खूण करायची असते, पण जुन्या घरांत ती बहुधा नसतेच. म्हणजे बाबांचा नाशिकचा नियमही चुकला आणि माझा व्हिडिओतलाही. डब्यातल्या दोन्ही वायरी फेजच्याच होत्या. शिवाय पॅनेलवरची चिठ्ठी चुकीची होती आणि लॅम्प लागला नाही तो वीज गेली म्हणून नव्हे, तर बटणच बिघडलेलं होतं म्हणून. तीन चुका एकावर एक रचल्या गेल्या होत्या आणि चौथी माझ्या हातून होणार होती.

खरा ब्रेकर शोधायला बाबांनीच युक्ती सांगितली. सॉकेटच्या खालच्या भागात व्हॅक्यूम क्लीनर लावून तो सुरू ठेवला. मी गॅरेजमध्ये एकेक ब्रेकर बंद करत गेलो. 'डायनिंग' लिहिलेला बंद केला आणि वरची घरघर थांबली. पुन्हा तीच पद्धत: दुसऱ्या चालू सॉकेटवर टेस्टर तपासला, मग इथल्या दोन्ही वायरी, मग परत चालू सॉकेटवर. त्यानंतरच बटण बदललं आणि पांढऱ्या वायरीला काळी टेप गुंडाळली. काम दहा मिनिटांचं होतं.

आपल्यापैकी बरेच जण हौसेने स्मार्ट स्विच आणतात आणि डबा उघडल्यावर न्यूट्रल सापडत नाही, त्याचं कारण हीच जुनी पद्धत. 2011 च्या अमेरिकन विद्युत संहितेपासून नव्या बांधकामात साधारणपणे बटणाच्या डब्यात न्यूट्रल द्यावी लागते. अर्धं सॉकेट बटणावर असेल आणि ते सॉकेट बदलायचं असेल, तर जुन्याच्या पितळी स्क्रूंमधली छोटी पत्री तोडलेली आहे का ते बघा. नव्याचीही तशीच तोडावी लागते, नाहीतर लॅम्प बटणाने बंदच होत नाही. आणि बाथरूमचं सॉकेट अचानक बंद पडलं तर वायरमनला बोलावण्याआधी गॅरेजमध्ये किंवा दुसऱ्या बाथरूममध्ये 'टेस्ट' आणि 'रिसेट' अशी दोन बटणं असलेलं सॉकेट शोधा. साधारण 5 मिलिअँपिअर करंट जरी भलतीकडे गळला तरी ते वीज तोडतं, आणि जुन्या घरांत एकाच्या मागे दोन-तीन सॉकेट जोडलेली असतात. रिसेट केल्यावर पुन्हा उडालं तर मात्र जाणकारालाच बोलवा. डब्यात तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा दिसल्या तरीही तेच. घर भाड्याचं असेल तर मालकाला कळवा, स्वतः उघडू नका. गावागणिक परवान्याचे नियमही वेगळे असतात, ते आधी पाहून घ्या.

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींचा गोंधळ आणखी वेगळा. तिथल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल, अगदी आपल्यासारखं. 2004 पासून तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल आली. आपल्याकडे मात्र निळा हा वर्षानुवर्षं थ्री-फेजमधल्या एका फेजचा रंग. देश बदलला की रंगांचा अर्थ बदलतो, एकाच घरात दोन काळांचं काम असेल तर खोलीगणिकही बदलतो. आधी टेस्टर तपासायचा आणि मगच वायरीला हात लावायचा, ही सवय मात्र नाशिकला जशी लागू, तशीच न्यू जर्सीला.

परत जाण्याआधी बाबांनी दोन दुपारी खर्चून पॅनेलच्या सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. 'आजीची खोली', 'डायनिंग नव्हे, बेडरूम', 'फ्रिज (बंद करू नये)', सगळं देवनागरीत. उद्या वायरमनला किंवा अग्निशमन दलाला वाचता यावं म्हणून मी प्रत्येकाखाली इंग्रजीत लिहिलं. टेस्टर ते सोबत घेऊन गेले. "तुला इथला नवा घे, 120 वर नीट पेटणारा," म्हणाले. घेतला. वापरण्याआधी तोही हॉलच्या चालू सॉकेटवर तपासून पाहतो.