दोन शिंपांची गोगलगाय

कोकणच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या तिसऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. दोन शिंपा, त्यांना जोडणारी बिजागरी आणि आत मऊ शरीर. गोगलगाईला मात्र एकच कवच, आणि तेही पीळदार. मृदुकाय संघातील हे दोन निरनिराळे वर्ग होत: पहिला शिंपाधारी, दुसरा उदरपाद. दोन शिंपा दिसल्या की प्राणी शिंपाधारी, हा नियम शास्त्रज्ञांनाही पक्का वाटत असे.

१८६२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ गूल्ड यांनी 'जूलिया' या प्रजातीचे वर्णन केले. १८७५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्रॉस यांनी पॅरिसच्या खोऱ्यातील जीवाश्म शिंपांना 'बर्थेलिनिया' हे नाव दिले. दोन्ही वेळी हाती होत्या त्या केवळ शिंपा. साहजिकच दोहोंची नोंद शिंपाधारी वर्गात झाली.

१९५९ साली जपानमधील कावागुती व बाबा या शास्त्रज्ञांनी 'कॉलर्पा' नावाच्या हिरव्या शैवालावर राहणाऱ्या एका चिमुकल्या जिवंत प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला दोन शिंपा होत्या. पण त्यांतून चक्क डोके बाहेर येत होते! डोक्यावर स्पर्शिका होत्या, डोळे होते, आणि सपाट पायावर तो गोगलगाईसारखा सरपटत होता. शिंपाधारी प्राण्यांना डोके नसते, हे तुम्ही शिकला आहातच. शिवाय त्याच्या डाव्या शिंपेच्या टोकाशी एक इवलासा पीळदार शंख होता. तो त्याच्या डिंभावस्थेतील कवचाचा अवशेष. म्हणजे जन्मतः कवच एकच. दुसरी शिंप नंतर तयार होते. प्राणी निःसंशय उदरपाद ठरला.

मग त्याचा गण कोणता? येथे दातांनी साक्ष दिली. बहुतेक गोगलगाईंच्या जिभेवर दातांच्या अनेक ओळी असतात. या प्राण्याला एकच ओळ. पुढच्या दाताने तो शैवालाची पेशी भोसकतो व रस शोषून घेतो. झिजलेले दात बहुधा टाकून न देता एका पिशवीत साठतात. म्हणूनच या गणाचे नाव 'सॅकोग्लॉसा', म्हणजे पिशवीची जीभ. याच गणातील 'एलिसिया' प्रौढपणी कवच पार गमावते व हिरव्या पानासारखी दिसते. तिच्या काही जाती तर शैवालातील हरितलवके आपल्या शरीरात साठवून ठेवतात. एक दोन शिंपांची, दुसरी बिनकवचाची. तरी दोघी एकाच गणातल्या!

गोष्ट येथेच संपत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात असे आढळले, की सॅकोग्लॉसा हे इतर कित्येक समुद्री गोगलगाईंपेक्षा आपल्या बागेतील फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या गोगलगाईंना अधिक जवळचे आहेत.

वर्गीकरण म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. ते नात्यांविषयीचे अनुमान असते. एकाच लक्षणावर ते उभारले तर फसते. अनेक लक्षणे एकाच दिशेने बोट दाखवू लागली, की ते बळकट होते. नवा पुरावा आला, तर ते बदलायचे, हीच शास्त्राची रीत.