वर्षाला पावणेतीन क्विंटल कापूस

ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा खर्च 4,122 रुपये. केंद्राच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणातला हा आकडा; ग्रामीण महाराष्ट्राचा 4,145, म्हणजे जवळपास तोच. देशपातळीवर यातले 9.84 टक्के पेये, बाहेरचा नाश्ता आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर जातात. चौघांच्या घराला हे वर्षाकाठी साडेएकोणीस हजार पडतात.

वर्धा जिल्ह्यात हा हिशेब कापसात मांडायला हवा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,020 रुपये होता. म्हणजे वर्षाला पावणेतीन क्विंटल, तेही बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी न धरता. हिंगणघाटच्या बाजार समितीत काट्यावर किलोकिलोसाठी डोळ्यांत तेल घालून उभे राहणारे आपण, पाच-दहाच्या पुड्यांचे वजन मात्र बघत नाही.

1999-2000 मध्ये ग्रामीण खर्चात या पदार्थांचा वाटा 4.19 टक्के होता, तृणधान्यांचा 22 टक्क्यांवर. 2022-23 पर्यंत तृणधान्ये पाच टक्क्यांच्या आत आली. याचे सारे खापर जाहिरातींवर फोडता येणार नाही. रेशनवर धान्य मोफत मिळू लागले, ताटात दूध-फळे वाढली, हे चांगलेच झाले. पण पाच-दहा रुपयांचा पुडा मुद्दाम तसा बेतलेला असतो. किंमत तीच ठेवून आतला माल कमी करता येतो आणि गिऱ्हाइकाला भाववाढ जाणवत नाही. समजा, दहा रुपयांत 25 ग्रॅम मिळाले, तर भाव किलोला 400 रुपये झाला. एवढ्या भावाने किलोभर घ्यायला आपण धजावलो नसतो.

हप्त्याचेही तेच. ‘शून्य टक्के व्याज’ या योजनांत व्याज दुसऱ्या नावाने वसूल होते, म्हणून रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना त्या बंद करायला सांगितले. मोबाइलवरच्या खरेदीत ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई किंवा न मागितलेली वस्तू बिलात घुसवणे, अशा 13 क्लृप्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये बंदी घातली. फसवले गेलात तर 1915 या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार करता येते.

या जिल्ह्याला जाणीवपूर्वक खर्च करण्याचा हा विचार नवा नाही. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. मगनवाडीत राहून तो चालवणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा सांगत, की दाम मोजून ग्राहकाची जबाबदारी संपत नाही. वस्तू कुणी, कोणत्या परिस्थितीत बनवली, याचाही तो वाटेकरी असतो. गांधीजींनी 1936 मध्ये सेगावच्या, म्हणजे आजच्या सेवाग्रामच्या, झोपडीसाठी 100 रुपयांची मर्यादा आधी घातली आणि मग बांधकाम ठरवले. यातला क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण बाजार आपल्याकडून नेमका उलटा क्रम करवून घेतो.

यंदा कापसाचा चुकारा हाती आला, की खर्चाचा आकडा आधी कागदावर लिहा. दुकानात त्यानंतर जा.